गाडी सुरू का होत नाही?

मोटरसायकल सुरू होत नाही म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण तीन गोष्टी करतात. आणखी किका मारतात, चोक ओढून पुन्हा किका मारतात आणि शेवटी घामाघूम होऊन गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेतात. मेकॅनिक मात्र दोन किका मारून पाहतो, प्लग काढतो, तो उन्हात धरून निरखतो आणि पंधरा मिनिटांत गाडी आपल्या ताब्यात देतो. आपण म्हणतो, याच्या हाताला गुण आहे!

हा गुण हाताला नसतो, विचाराच्या पद्धतीला असतो. निरीक्षण, अंदाज, तो अंदाज तपासणारी चाचणी आणि त्यावरून निष्कर्ष ही साखळी आपण विज्ञानाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. गॅरेजमधला मुलगा ती रोज दहा वेळा वापरतो, फक्त तिला हे नाव देत नाही. म्हणून शाळेच्या आवारात उभी असलेली बंद गाडी ही एक चांगली प्रयोगशाळा आहे. ती कशी वापरायची ते पाहू.

उदाहरणासाठी किक आणि कार्बोरेटर असलेली, चार स्ट्रोकची १०० सीसी गाडी घेऊ. भारतात १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० पासून पुढे कितीतरी वर्षं अशाच गाड्या सर्वाधिक दिसत, आणि खेड्यापाड्यांत आजही त्या भरपूर आहेत. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

इंजिनाला काय काय लागतं?

सिलिंडरमध्ये स्फोटासारखं जलद ज्वलन व्हायचं तर तीन गोष्टी हव्यात. योग्य प्रमाणातलं हवा-पेट्रोलचं मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी आणि पेटण्याआधी त्या मिश्रणावर पडणारा दाब. शिवाय ठिणगी नेमक्या क्षणी पडायला हवी. यांतलं एकही नसेल तर गाडी सुरू होणार नाही. दोष हजार असू शकतात, पण ते सगळे या तीन-चार खणांतच बसतात. हजार शक्यता एकेक करून तपासण्याऐवजी आधी खण ठरवायचा, हे पहिलं सूत्र.

प्रमाण किती नाजूक असतं ते आकड्यांत पाहा. सीडी १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि पिस्टनची धाव ४९.५ मिमी. यावरून आकारमान काढायला मुलांना सांगा. उत्तर ९७.२ घनसेंमी येईल. एवढ्या हवेचं वस्तुमान साधारण ०.१२ ग्रॅम. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १५ पट हवा लागते. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तरी एका वेळी लागणारं पेट्रोल फक्त ८ मिलिग्रॅम, एका थेंबापेक्षाही कमी! शिवाय पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्क्यापेक्षा कमी किंवा साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती पेटतच नाही. पेट्रोल कमी पडलं तरी गाडी बंद आणि जास्त झालं तरी बंद. चोक ओढून वीस किका मारणारा माणूस बहुधा दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

मग चोक असतो कशाला? पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. इंजिन थंड असताना त्यातला हलका भागच पटकन उडतो. वाफ पुरेशी व्हावी म्हणून मुळात पेट्रोलच जास्त सोडावं लागतं. चोक ओढल्यावर एक झडप हवेची वाट अडवते, आतला दाब आणखी कमी होतो आणि जेटमधून जास्त पेट्रोल ओढलं जातं. इंजिन गरम असताना याची गरज नसते, तेव्हा चोक ओढला तर उलटाच परिणाम होतो.

हत्यार हाती घेण्याआधी

पाना उचलण्यापूर्वी एक मिनिट द्या. किल्ली ऑन आहे का? हँडलवर इंजिन बंद करण्याचं बटण असेल तर ते चुकून दाबलं गेलंय का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? गाडी हलवल्यावर टाकीत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येतो का? हे प्रश्न पोरकट वाटतील, पण गाडी ढकलत आणल्यावर मेकॅनिकने कॉक फिरवून ती सुरू करून दिली, असं अनेकांच्या बाबतीत घडतं.

कॉकवरचं ‘रिझर्व्ह’ म्हणजे वेगळी टाकी नव्हे. टाकीत कमी-जास्त उंचीच्या दोन वाटा असतात. ‘ऑन’वर उंच नळीतून पेट्रोल येतं. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो. ‘रिझर्व्ह’वर तळाजवळची वाट उघडते. ना विजेची गरज, ना काट्याची.

प्लग काय सांगतो?

आता आठ-दहा किका मारा आणि लगेच प्लग काढा. आधी इंजिन थोडं निवलेलं असू द्या आणि प्लगभोवतीची माती पुसून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. प्लगचं टोक ओलं आहे की कोरडं?

या एका निरीक्षणाने शक्यता जवळजवळ निम्म्या होतात. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग ठिणगीकडे नंतर पाहू, आधी पेट्रोलच्या वाटेने चला. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे ठिणगी नाही, किंवा पेट्रोल फाजील झालंय, किंवा दाब नाही.

टोकाचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीने बुजला की असं होतं. तेलकट काळा थर असेल तर इंजिन ऑइल वर येतंय.

वाट पहिली : पेट्रोल

पेट्रोलचा प्रवास टाकी, कॉक, नळी, कार्बोरेटरचं भांडं, जेट आणि सिलिंडर असा होतो. अशा साखळीत दोष शोधताना टोकापासून सुरुवात करण्याऐवजी मधे तपासावं. कार्बोरेटरच्या भांड्याच्या तळाशी एक स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल छोट्या काचेच्या बाटलीत घ्या. पेट्रोल सलग येत राहिलं तर टाकीपासून भांड्यापर्यंत सगळं ठीक आहे, दोष पुढे जेटमध्ये आहे. आलंच नाही किंवा थोडं येऊन थांबलं तर दोष मागे आहे. एका चाचणीने अर्धी साखळी बाद झाली.

बाटलीकडेही नीट पाहा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसत असतील तर ते पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, आणि जेटही तिथूनच पेट्रोल घेतं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी आपल्यात विरघळवून घेतं. पण पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून एक जड थर तळाला जमतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं.

मे महिन्याच्या सुट्टीत महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची तक्रार वेगळी असते. भांड्यातल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. मंद गतीच्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते बुजायला कितीसा वेळ! असा जेट हवेच्या झोताने साफ करतात. तारेने टोकरला तर भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं.

वाट दुसरी : ठिणगी

प्लग ओला असेल तर ठिणगी तपासायची. यासाठी शक्यतो एक जादा प्लग वापरावा. मूळ प्लग सिलिंडरमध्येच घट्ट बसवून ठेवा. जादा प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, किल्ली ऑन करा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, झटका बसेल. मूळ प्लगचं भोक उघडं ठेवून त्याच्याजवळ ठिणगी पाडणं धोक्याचं आहे, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. आधी कुठे पेट्रोल सांडलं असेल तर ते पुसून, पुरतं वाळू द्या. आपण आग लावणारं यंत्र आणि पेटणारा वायू शेजारी शेजारी हाताळतो आहोत, हे क्षणभरही विसरू नये.

ठिणगी निळसर-पांढरी आणि टचटच आवाज करणारी असेल तर चांगली. पिवळसर, मलूल असेल तर कमजोर. ठिणगी नसेलच तर पुन्हा साखळीच्या मधे तपासायचं. आधी टोपी, मग तार, मग कॉइल, सीडीआय आणि शेवटी मॅग्नेटजवळच्या कॉइल. पावसात भिजलेल्या गाडीत दोष बहुधा टोपीशीच सापडतो. मळकट पाण्याच्या पातळ थरातून वीज परस्पर इंजिनाच्या अंगाला निघून जाते. अंधारात पाहिलं तर कधी कधी तारेवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. कोरड्या फडक्याने पुसणं हाच त्यावरचा उपाय.

इथे एक मेख आहे. उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमध्येही पडेलच असं नाही. हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये दाबलेली, दाट हवा असते. तिथे तीच फट ओलांडायला कित्येक पट जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा तडकलेला प्लग बाहेर पास होतो आणि आत नापास होतो. चाचणी ज्या परिस्थितीत केली त्या परिस्थितीपुरताच निष्कर्ष खरा, हा धडा प्रयोगशाळेतही लागू पडतो.

ठिणगी चांगली, प्लग ओला, तरी गाडी सुरू होत नसेल तर पेट्रोल फाजील झाल्याची शक्यता मोठी. कॉक बंद करा, चोक पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किका मारा. भरपूर हवा आत जाते, जादा वाफ बाहेर पडते आणि मिश्रण पुन्हा पेटण्याच्या मर्यादेत येतं.

वाट तिसरी : दाब

किक नेहमीपेक्षा हलकी लागते आहे का? प्लग काढून, किल्ली बंद ठेवून भोकावर अंगठा दाबून धरा आणि किक मारायला सांगा. अंगठा ‘फट्’ करून उडाला पाहिजे. अशा इंजिनात हवा सुमारे नवव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब नऊ पट व्हावा. पण तो नियम तापमान कायम असतानाचा. इथे हवा तापते, म्हणून दाब त्याहून जास्त चढतो. सायकलचा पंप मारताना नळी का तापते, या प्रश्नाशी हे जोडून घ्या.

दाब कमी असेल तर गळती कुठे? प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा तपासतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. तेल तिथपर्यंत पोचत नाही. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि परिणाम पाहायचा. नियंत्रित प्रयोग म्हणजे आणखी काय असतं?

दोन अंदाज, एक निवाडा

आता जरा अवघड तक्रार घेऊ. गाडी सकाळी छान सुरू होते, चार-पाच किलोमीटर चालते आणि बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. दोष कुठे असेल?

पहिला अंदाज असा. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजलं आहे. पेट्रोल खाली जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीतला दाब कमी होतो आणि पेट्रोल थांबतं. थांबल्यावर कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि गाडी सुरू होते.

याचा ढोबळ हिशेब करता येतो. पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकीतली पातळी कार्बोरेटरपेक्षा २० सेंमी वर धरली तर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. टाकीत ५ लिटर हवा असेल तर ती दीड टक्का, म्हणजे ७५ मिलि, प्रसरण पावली की पेट्रोल अडलं. लिटरला ६० किमी देणारी गाडी ७५ मिलित साडेचार किलोमीटर जाते! प्रत्यक्षात टाकीत पेट्रोलची वाफ होत राहते, त्यामुळे अंतर याहून वाढेल. पण आकडा त्याच घरातला आहे.

दुसरा अंदाज असा. इंजिन तापलं की कॉइलमधली एखादी तार प्रसरणाने सुटते आणि ठिणगी बंद होते. निवल्यावर ती पुन्हा टेकते.

‘थांबलं की सुरू होते’ हे निरीक्षण दोन्ही अंदाजांना लागू पडतं. म्हणून त्याच्यावरून निवाडा होत नाही. निवाड्यासाठी अशी चाचणी हवी, जिचं उत्तर दोन्ही अंदाजांप्रमाणे वेगवेगळं येईल. गाडी बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा हवा शिरल्याचा आवाज येऊन गाडी काही क्षणांत सुरू झाली तर पहिला अंदाज खरा. झाकण उघडूनही फरक पडला नाही आणि जादा प्लगवर ठिणगी दिसली नाही, तर दुसरा. पहिला अंदाज आणखी एक भाकीत करतो. टाकी काठोकाठ भरली तर आत हवा थोडी असेल आणि गाडी आणखी लवकर बंद पडेल. कॉइलला टाकी भरलेली आहे की रिकामी याचा पत्ता नसतो. ही चाचणी मात्र गाडी बंद पडल्या क्षणीच करावी लागते. चहा पिऊन आल्यावर पुरावा नाहीसा झालेला असतो.

असाच एक फसवा पुरावा नेहमी पुढे येतो. प्लग काढला, पुसला, परत बसवला आणि गाडी सुरू झाली. दोष प्लगचा होता का? कदाचित. पण प्लग बाहेर असताना सिलिंडरमधलं फाजील पेट्रोलही उडून गेलं. खरं कारण कोणतं हे सांगता येणार नाही. नवा प्लग घालून गाडी सुरू झाली तरी जुना पुन्हा लावून पाहावा. जुन्यावरही सुरू झाली तर नव्या प्लगचे पैसे वाया गेले! एकामागून एक सुटे भाग बदलत जाण्याने गाडी कधीतरी सुरू होते, पण का ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च.

नव्या गाड्यांचं काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ प्रदूषण निकष लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला. तो आणि पेट्रोलचा पंप विजेवर चालतात. त्यामुळे बॅटरी उतरली की पेट्रोलही थांबतं. जुन्या सीडीआय गाड्या बॅटरीशिवायही किकवर सुरू होत, कारण ठिणगीसाठी मॅग्नेटजवळ वेगळी कॉइल असे. नव्या गाडीत पहिली तपासणी बॅटरीची. हॉर्न खणखणीत वाजतो का? किल्ली फिरवल्यावर पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते का? इंजिनाचा दिवा पेटून राहतो का? वर सांगितलेली ठिणगीची चाचणी मात्र या गाड्यांवर करू नये, आतला इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतो. साधनं बदलली, तरी मिश्रण, ठिणगी आणि दाब हे तीन प्रश्न तेच राहिले.

वर्गासाठी

वर्गात पेट्रोल आणू नये, त्याशिवाय पुष्कळ करता येतं. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा आणि पाणी भरा. झाकण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. हीच टाकीच्या झाकणाची गोष्ट. दुसऱ्या बाटलीच्या बुडातून कमी-जास्त उंचीच्या दोन नळ्या घालून ‘रिझर्व्ह’ दाखवा. काचेच्या पेल्यात गोड्या तेलावर पाण्याचे थेंब टाकून ते तळाशी कसे जातात ते पाहा. आणि जवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा एखादा माजी विद्यार्थी असेल तर त्याला तासभर वर्गात बोलवा. त्याच्याकडे ज्ञान आहे, मुलांकडे शब्द आहेत. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

शेवटी मुलांना एक कोडं द्या. इंजिन गरम आहे. चोक ओढला की गाडी सुरू होते, चोक सोडला की बंद पडते. दोष कुठे असेल? किमान दोन अंदाज हवेत, आणि त्या दोघांत निवाडा करणारी एक चाचणी.